सहा पेट्यांचं मरण

ओझीत दारदार होडीतून उतरली ती कुरकुरतच. "फोनवर धक्का म्हणाली होतीस. हा तर दोन फळ्या आणि एक खिळा आहे."

सेलेस्टीन व्हेरेला हसायची उसंत नव्हती. सकाळचे नऊ वाजले होते आणि पाचला वन्यजीव मंडळाची सभा होती. परगण्यातल्या सगळ्या रानमगरींचा कारभार तिच्याकडे होता. कुठल्या दलदलीत किती घरटी आहेत, त्यातली किती अंडी उचलायची, शेडमध्ये वाढवलेली किती पिल्लं परत रानात सोडायची, सप्टेंबरात किती मगरी मारू द्यायच्या, हे सगळं सहा वर्षं तीच ठरवत आली होती. आज पाचनंतर ते कोण ठरवणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"थोडक्यात सांग," ओझीत म्हणाली. विम्याचे खोटे दावे पकडण्यात वीस वर्षं घालवून आता ती खासगी तपास करत असे. बाई साठी उलटलेली, बुटकी. मगरींबद्दल तिला एकच गोष्ट माहीत होती, ती म्हणजे त्यांच्यापासून लांब राहावं.

"बावीस दिवसांपूर्वी एका दुपारी उत्तरेच्या दलदलीतली बारा घरटी उचलली. एका घरट्याची एक पेटी. परवा वरून दिवा धरून तपासली. सहा पेट्या झकास. उरलेल्या सहांत दोनशे अकरा अंडी, त्यातली फक्त अकरा जिवंत."

"मग मंडळ काय म्हणतं?"

"अंडी फळलीच नव्हती म्हणतं. अंडं फळलं की वरच्या बाजूला खडूसारखा पांढरा डाग उमटतो, मग तो पसरत जातो. या अंड्यांवर डागच नाही. म्हणजे रानात नर उरले नाहीत, म्हणजे मी बेसुमार मगरी मारू दिल्या. यंदाचा हंगाम बंद आणि मी घरी." ती कडाकडा बोटं मोडत होती. "या हंगामावर दीडशे घरं जगतात, मिस ओझीत. माझी मोजणी चुकलेली नाही. पण दोन रात्री झोप नाही मला."

"ते दिसतंय. शर्ट उलटा घातलायस."

शेड सांभाळणारी युला बिलियो दारातच कमरेवर हात ठेवून उभी होती. तापमान बिघडलं का, एवढंच ओझीतने विचारलं आणि युला उसळली.

"एकाच फळीवर शेजारी शेजारी सहा जिवंत, सहा मेलेल्या. उष्णता काय पेटी बघून चढते का, बाई?"

"बरोबर आहे. त्या दिवशी पेट्या आल्या तेव्हा तू होतीस?"

"कुठली! वादळ येत होतं. घराच्या खिडक्यांना फळ्या ठोकायला मी तीनलाच पळाले. सकाळी येऊन बघते तर बाराही पेट्या जागेवर, टेबल पुसलेलं. खाली तेवढा पेन्सिलीचा भुसा पडला होता, तो झाडला."

ओझीत पेट्यांवर वाकली. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीची एक रेघ होती.

"ही वरची बाजू," सेलेस्टीनने सांगितलं. "आतलं पिल्लू वरच्या कवचाला चिकटलेलं असतं. अंडं फिरलं की ते मेलं. म्हणून घरट्यातून उचलायच्या आधीच रेघ मारायची आणि शेवटपर्यंत ती वर ठेवायची. इथला माणूस हात तोडून देईल, पण अंडं फिरवणार नाही."

"मेलेलंसुद्धा?"

सेलेस्टीनला प्रश्नच कळला नाही. "मेलेलं कशाला कोण फिरवेल?"

ओझीतने जिवंत पेट्या पाहिल्या. रेघा आखूड, वाकड्या, आणि त्यांत चिखल वाळलेला. मग मेलेल्या पाहिल्या. तिथल्या रेघा लांब, ठळक, स्वच्छ होत्या.

"चिखल गळून पडला असेल," सेलेस्टीन म्हणाली.

"सहाच पेट्यांचा? शहाणा चिखल आहे."

होडीवाला डेल्फिन शेरामी होडी ढकलणाऱ्या मागच्या पंख्याला तेल घालत होता. गावाने त्याला आधीच दोषी ठरवून टाकलं होतं, कारण तो वाऱ्यासारखी होडी हाकायचा.

"कुठेही आपटलो नाही," तो विचारण्याआधीच म्हणाला. "आपटलो असतो तर बाराही मेल्या असत्या. सगळ्या एकाच होडीत होत्या."

"पटलं. रेघा कोण मारतं?"

"मी. नॉन्क एव्हारिस्त, आमचा म्हातारा, घरटं उघडतो, मी रेघ मारतो, मग तो उचलतो."

"एका घरट्याला वेळ किती?"

"वीस मिनिटं. कमी नाहीच."

"त्या दिवशी पहिलं घरटं किती वाजता उघडलं?"

"दोनला. चारला धक्क्यावर परत. वादळ आलं होतं ना."

"आणि सगळी दोघांनी मिळूनच केली?"

"हो." तो पाण्याकडे बघत राहिला. "मग मी होडी बांधायला गेलो. पेट्या नॉन्कने आत नेल्या."

परतताना सेलेस्टीन तणतणत होती. "बिचाऱ्याला उगाच छळलंत. वेळ विचारून काय मिळालं?"

"तू मगरी मोजतेस ना? मग बारा घरटी गुणिले वीस मिनिटं कर. मला काही हिशेब जमत नाही."

सेलेस्टीनने घड्याळ पाहिलं. दुपारचे दोन. हिशेब करण्याइतकं तिचं डोकं जागेवर नव्हतं.

एव्हारिस्त दुगा ओसरीत जाळं विणत बसला होता. नॉन्क म्हणजे काका. सख्खा नव्हे, पण सेलेस्टीनला गवताच्या ढिगावरून घरटं ओळखायला त्यानेच शिकवलं होतं. वय पंचाहत्तर. अक्षरओळख नाही, म्हणून दरवर्षीचा तब्येतीचा फॉर्म धरून त्याचे सगळे कागद तीच भरायची.

"ये पोरी," तो तिचा आवाज ऐकून म्हणाला आणि दोन कप मांडले. ओझीत खोकली, तेव्हा तिसरा आला. परक्यांशी म्हातारा असाच वागतो, म्हणून सेलेस्टीनला लाज वाटली. त्याने कपाच्या काठावरून आत बोट सोडलं आणि कॉफी बोटाला लागेपर्यंत ओतली. वयाबरोबर घाणेरड्या सवयी वाढत चालल्यात, असं तिच्या मनात आलं.

"तुमच्या तरुणपणी रेघा कशा मारायचा?" ओझीतने विचारलं.

"कसल्या रेघा! पांढरा डाग बघायचा, तो वर ठेवायचा. पेन्सिली या पोरांनी आणल्या." तो हसला. "हाताखालून लाखभर अंडी गेली असतील."

ओझीतने ती कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्यायली आणि चारला सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं.

"एक तास आहे," सेलेस्टीन म्हणाली. तिला एका जागी उभं राहवत नव्हतं.

ओझीतने मेलेल्या पेटीतलं एक अंडं उचललं आणि सरळ उलटं केलं.

युलाच्या तोंडून चीत्कार निघाला. सेलेस्टीनचा हात आपोआप पुढे गेला आणि तसाच थांबला. अंड्याच्या बुडाला नाण्याएवढा पांढरा डाग होता.

ओझीतने दुसरं फिरवलं. डाग कडेला. तिसरं, पुन्हा बुडाला.

"फळलेली होती," सेलेस्टीन कशीबशी म्हणाली.

"सगळी. तुम्ही कुणी खाली बघितलंच नाही, कारण अंडं फिरवायचं नाही हे तुमच्या हाडात मुरलंय. मला ते शिकवायला कुणी नव्हतं. अंडी फळलेली नसती, तर ही अकरा जिवंत कुठून आली? ती नशिबाने सुलट पडली. बाकीची उलटीपालटी झाली, आणि रेघ मात्र प्रत्येकाच्या वर आहे. म्हणजे रेघ नंतर मारली. कुठे? जिथे चिखल नाही, टेबल आहे आणि पेन्सिलीला टोक करून भुसा पडला, तिथे. इथे."

ती डेल्फिनकडे वळली.

"बारा घरटी, वीस मिनिटं, म्हणजे चार तास. तुम्हाला लागले दोन. डेल्फिन, तुम्ही वेगवेगळे झालात. दोघांनी मिळून करायचा नियम मोडून सहा तू केलीस, सहा त्यांनी. तुझ्या रेघा चिखलात मारलेल्या, वाकड्या, आणि तुझी अंडी जिवंत. उरलेल्यांवर रेघ मारणारा अनाडी नव्हता. अनाड्याने अंडी फिरवून ठेवलीच नसती, पडली तशी राहू दिली असती. हा माणूस डाग शोधत होता, पण पांढऱ्यावरचा पांढरा डाग त्याला दिसत नव्हता. कॉफी कुठवर आली तेही त्याला बोटाने बघावं लागतं, आणि समोर गप्प बसलेली बाई खोकेपर्यंत त्याच्या लेखी नसते."

"आभाळ भरून आलं होतं," एव्हारिस्त म्हणाला. आवाज शांत होता. "पेन्सिलीचं टोक कुठे टेकतंय तेच कळेना. म्हटलं, पूर्वीसारखं करू. दिव्याखाली डाग बघून लावू आणि मग रेघ मारू."

"डाग दिसला?"

"मला वाटलं, दिसतोय."

"होडी आपटली म्हणून सांगू," डेल्फिन घाईने म्हणाला. "तसंही सगळ्यांना तेच वाटतंय."

सेलेस्टीनने त्याच्याकडे पाहिलंही नाही. रानात नर होते, मोजणी बरोबर होती, हंगाम वाचला होता. आणि तिला रडू येत होतं.

"नॉन्क, दिसत नाही हे मला सांगायचंत."

"दरवर्षी तो कागद भरून तूच वाचून दाखवायचीस ना, पोरी? दृष्टी उत्तम. ऐकून मला बरं वाटायचं." म्हाताऱ्याने टोपी हातात घेतली. "तू मात्र कधी विचारलं नाहीस."

ओझीतने अंडी पेटीत ठेवली आणि झाकण लावलं. "मगरी ठणठणीत आहेत, एवढं मी मंडळाला दाखवू शकते. पुढचं काय सांगायचं ते तू ठरव."

गाडीत सेलेस्टीनने म्हाताऱ्याला सांगितलं की यापुढे त्याला दलदलीत जाता येणार नाही. त्याने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. मंडळाच्या दालनात तो भिंतीशी बसला, डेल्फिन त्याच्या शेजारी. ओझीतने सभेसमोर अंडी उलटी करून दाखवली, तेव्हा मागच्या बाकांवरच्या शिकाऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. हंगाम एकमताने मंजूर झाला.

"पण दोनशे अंडी कुणाच्या चुकीने गेली?" अध्यक्षांनी विचारलं. "नाव नोंदवावं लागेल."

डेल्फिन उठायच्या बेतात होता. एव्हारिस्त त्याच्याही आधी उठला.

"बसा दोघं," सेलेस्टीन म्हणाली. "ज्याला दिसत नव्हतं त्याला रानात पाठवलं गेलं. का, तर त्याचे डोळे न तपासता सहा वर्षं एकीने कागदावर उत्तम लिहून सही केली."

"नाव?"

"सेलेस्टीन व्हेरे," ती म्हणाली, आणि अध्यक्षांचं लिहून होईपर्यंत उभी राहिली.