परत आलेला पट्टा

काटेसाहेब दुकानात टेप घेऊन गेले, याचं त्यांना ओळखणाऱ्या कुणालाच नवल वाटलं नसतं. वजनमापे खात्यात त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. ते बाजारात शिरले की भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांची पारडी आपोआप सरळ व्हायची. काटेसाहेब हे नाव बाजारानेच ठेवलेलं, खरं तर शिवी म्हणून. साहेबांनी ते पदवीसारखं मिरवलं. बत्तीस वर्षांत आपल्याला कुणी एका ग्रॅमनेही फसवलं नाही, असं ते सांगायचे. ते खरं होतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला जास्तच त्रास व्हायचा.

निवृत्त झाल्यावर त्यांनी बावीस फुटांची जुनी शिडाची होडी घेतली आणि चार वर्षं खपून नव्यासारखी केली. सगळं झाल्यावर होडीच्या बाहेरच्या अंगाला, पाण्याच्या पातळीशी, सेंटिमीटर-सेंटिमीटरवर पांढऱ्या रेघा मारल्या. होडीत साठेक किलो चढले की एक रेघ बुडायची. बंदरातले बाकीचे होडीवाले खो-खो हसले. साहेबांनी त्यांना एकेक करून होडीत उभं केलं आणि सगळ्यांदेखत वजनं सांगितली. हसणं थांबलं.

राहता राहिली बायको. पस्तीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून काढलेली बाई, रेघांना भुलणारी नव्हे.

"तुमचं वजन ब्याऐंशी, माझं चौपन्न," ती म्हणाली. "तुम्ही पाण्यात पडलात तर मला एकटीला वर काढता आलं पाहिजे. ते आधी करून बघू. जमलं तर फिरू, नाही जमलं तर होडी विकायची."

"मी कशाला पडतोय?"

"माझ्या वॉर्डात आलेला प्रत्येक जण हेच म्हणायचा."

म्हणून ते दुकान, आणि म्हणून तो टेप.

दुकानदाराने पांढरं-लाल कडं दाखवलं, झेंडा लावलेली तरंगती काठी दाखवली, पिशवीतून सुटणारी दोरी दाखवली. बाईंनी प्रत्येक वेळी एकच विचारलं, "हे झालं धरायला. वर कसं काढायचं?"

मग त्याने पिवळा पट्टा काढला. जाड, मऊ, तरंगणारा, आणि त्याला चाळीस मीटर दोरी. होडी पडलेल्या माणसाभोवती गोल फिरवायची, म्हणजे मागून ओढला जाणारा पट्टा आपसूक त्याच्या हाताशी येतो. त्याने तो काखेखालून घालायचा आणि दोरीला दोन हिसके द्यायचे. मग त्याला होडीशी ओढून घ्यायचं, शिडाच्या आडव्या काठीला कप्पी बांधायची आणि त्याच पट्ट्याने वर उचलायचं.

"हे अक्कल असलेल्या माणसाने केलेलं दिसतंय," बाई म्हणाल्या.

साहेबांनी टेप उलगडला. पहिली दोरी एकोणचाळीस मीटर वीस भरली. दुसरी एकोणचाळीस दहा. तिसरीला त्यांनी नुसता सुस्कारा सोडला.

"साहेब," दुकानदार वैतागला, "पाण्यात पडलेला माणूस टेप घेऊन बसत नाही."

"म्हणून तर आपण आधी मोजायचं. तो खुंटीवरचा काढा."

"तो नको. परत आलेला माल आहे."

"काढा तर."

चाळीस मीटर. ना एक बोट कमी, ना जास्त. साहेबांनी दोनदा मोजलं. बत्तीस वर्षांचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं.

"परत का आला?"

"चांगलाय हो. एकदाच फेकला होता." दुकानदार खुंटीकडे बघत होता. "कुणी धरला नाही."

"म्हणजे मालात दोष नाही."

"मालात नाही."

खऱ्या मापाची वस्तू समोर असताना साहेब पुढचा प्रश्न विचारतील, हे शक्यच नव्हतं.

रविवारी सकाळी दोघं निघाले. स्वच्छ ऊन, बेताचा वारा. निघण्याआधी साहेबांनी धक्क्यावरून बघून वहीत लिहिलं: माणसं चढण्याआधी, सामानासकट, सातवी रेघ पाण्याला टेकलेली. त्या सामानात एक पुतळाही होता. जुन्या डगल्यात पाण्याचे कॅन भरून त्यांनी तो हुबेहूब आपल्या वजनाचा केला होता, पोटासकट. कप्पी आणि पट्टा यांच्यामध्ये खात्यातून निवृत्त होताना मिळालेला लटकता काटा अडकवला होता.

बंदराबाहेर पुतळा पाण्यात ढकलला. साहेबांनी सुकाणू धरलं, बाकी सगळं बाईंनी एकटीने केलं. आकडा लावलेल्या लांब काठीने पुतळा जवळ ओढला, त्याला पट्टा घातला, कप्पीची दोरी हातावर हात टाकत ओढली. पुतळा पाण्यातून निघाला तसा काट्याचा बाण चढत गेला. चौऱ्याऐंशी. दोन किलो कपड्यांत मुरलेलं पाणी. सात मिनिटांत पुतळा होडीत.

बाई धापा टाकत होत्या, पण मान अशी ताठ, की वॉर्डातल्या डॉक्टरांनी बघितली असती तर उठून उभे राहिले असते.

"विकायची का होडी?" साहेबांनी विचारलं.

"गप्प बसा." पण त्या हसत होत्या. "पुतळ्याला पट्टा मी घातला. खरा माणूस स्वतः घालेल. तो त्याच्या हातापर्यंत पोचतो का, ते बघू. नुसता सोडून एक फेरी मारा."

पट्टा पाण्यावर पडला. साहेबांनी होडी गोल वळवली. दोरी सैल, डुलत मागून येत होती.

मग ती ताठ झाली.

दोन हिसके बसले. एक. थोड्या वेळाने दुसरा.

बाईंनी आधी साहेबांकडे बघितलं. साहेब जागेवर होते.

"शेवाळात अडकला असेल," साहेब म्हणाले. इथे तळ चाळीस वाव, म्हणजे दोनशेहून जास्त फूट, खोल होता, हे त्यांना माहीत होतं.

बाईंनी दोरी ओढायला घेतली. पट्टा होडीशी आला. तो मिटलेला नव्हता. गोल उघडा राहिला होता आणि आवळायची कडी घट्ट वर सरकलेली होती. आत काही नव्हतं.

"कप्पी," बाई म्हणाल्या. वॉर्डातला आवाज.

बाण सहावर होता. दोरी ओढली तसा बारावर गेला. मग तीस. मग पन्नास. माणूस पाण्यातून बाहेर येतो तेव्हा काटा असाच चढतो, एकदम नाही.

एकसष्ट.

होडी त्या बाजूला कलली. पट्टा हवेत लटकत होता. त्यातून पाणी गळत होतं, ते ठीक. पण त्याच्या खाली, चार फुटांवर, नुसत्या हवेतूनही गळत होतं.

दोन धारा होत्या.

साहेबांनी सवयीने काट्याच्या काचेवर नखाने टिचकी मारली. बाण हलला नाही.

"आधी शून्य तपासू," ते म्हणाले.

"अहो, आधी आत घ्या. मग तपासा."

बाईंनी शिडाची काठी आत फिरवली आणि दोरी अलगद सैल सोडली, खाटेवर रुग्ण उतरवतात तशी. कडी ढिली केली. बाण शून्यावर आला. होडी सरळ झाली. त्यांनी कोरडं कांबळं उघडून समोरच्या बाकावर पसरलं.

साहेबांनी काट्याला सोबत आणलेलं वीस किलोचं प्रमाणित वजन लावलं. वीस. पुन्हा लावलं. वीस. काटा चोख होता, आणि अडचण तीच होती.

परतीच्या वाटेवर कांबळं हळूहळू ओलं होत गेलं.

धक्क्याला होडी बांधली. बाई उतरल्या, साहेब उतरले. होडी वर आली, डुलली, स्थिर झाली. साहेब वाकले. आठवी रेघ. त्यांनी वही काढून सकाळचा आकडा बघितला. सातवी. पुतळा तोच, सामान तेच. रेघा मारल्यापासून पहिल्यांदा त्यांना वाटलं, की त्या चुकल्या असाव्यात.

बाई धक्क्यावर थांबल्या होत्या. आज त्यांनी एकटीने माणूस वर काढला होता, हे त्यांच्या उभं राहण्यातच दिसत होतं. मागे वळून त्या म्हणाल्या, "चला आता. घर जवळच आहे, चहा टाकते. ओल्या अंगाने बसून राहू नका."

साहेबांचे कपडे सकाळपासून कोरडे होते.

होडी जराशी त्यांच्या बाजूला कलली, आणि पुन्हा सरळ झाली.

सातवी रेघ पाण्याला टेकली. रेघा अगदी बरोबर मारल्या होत्या.