नऊ हजार ओळींची फाईल

ऑफिसचं ऑनलाइन अर्जांचं पोर्टल सुरू झालं तेव्हा त्याच्या कोडच्या वीस फाईली होत्या. सहा वर्षांत चार हजार झाल्या, आणि सगळ्या एकाच फोल्डरमध्ये, गाठोड्यात कोंबावं तशा. त्या नीट लावायचं काम वहिनीकडे आलं. तिची थोरली नणंद त्याच ऑफिसात पहिल्यापासून होती. ती हिला थट्टेने वहिनी म्हणे, म्हणून सगळेच म्हणू लागले. दोघी एका घरात राहायच्या, एकत्रच यायच्या.

काम तसं सरळ होतं. लॉगिनच्या फाईली एका फोल्डरमध्ये, अर्जांच्या दुसऱ्यात, आणि तीन हजार ओळींपेक्षा लांब फाईल असेल तर तिचे तुकडे करायचे. पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याचं नाव असे.

सोमवारी सकाळी तिने शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्या सहकाऱ्याची फाईल मधोमध कापली. पलीकडे पार्टिशनची काच त्याच्या दंडावर उभी कोसळली. मांस उघडं पडलं, कीबोर्डच्या बटणांमधून रक्त झिरपत राहिलं. बिचारा हाताकडे नुसता बघत बसला.

मंगळवारी मॅनेजरच्या फाईलच्या शेवटच्या चाळीस ओळी तिने वेगळ्या काढल्या. वारा नसताना लोखंडी कपाटाचं दार आपटलं. मॅनेजरच्या दोन बोटांची टोकं फरशीवर पडली.

वहिनीने दोन्ही फाईली पुन्हा जोडल्या. बोटं काही जोडली गेली नाहीत.

बुधवारी पाळी आली ती नऊ हजार ओळींच्या फाईलची. सगळं पोर्टल तिच्यावर उभं होतं. पहिल्या ओळीत नणंदेचं नाव.

"वन्सं, ही राहू द्या तशीच," वहिनी म्हणाली.

"का गं? माझ्या लग्नातली रुसव्याफुगव्यांची यादीसुद्धा एवढी लांब नव्हती."

"तुमच्या पाया पडते. त्या दोघांचं काय झालं ते पाहिलंत ना?"

"काच जुनी होती, कपाट जुनं होतं. आणि तू भित्री. सरक, माझी फाईल मीच कापते."

नणंद खुर्चीत बसली. तिने ओळी निवडल्या.

डोक्यावरचा पंखा बंद होता. तो झुलू लागला. छताचा चुना तिच्या भांगात पडला.

"वन्सं, उठा."

"थांब गं, एक बटण दाबायचंय."

नणंदेचं बोट बटणाकडे निघालं. वहिनीने टेबलावरची स्टीलची भरलेली बाटली उचलली आणि तिच्या हातावर मारली.

हात तरी पुढे गेला.

तिने पुन्हा मारली. या वेळी हाडाचा आवाज ऐकू आला.

पंखा थांबला.

"हात गेला, पण जीव राहिला. देवा, तूच राखलंस," वहिनी रडत म्हणत राहिली. मग तिने नणंदेला रिक्षात बसवून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "तीन तुकडे. आणि तिन्ही सारखे, मोजून केल्यासारखे."

संध्याकाळी वहिनी कॉम्प्युटर बंद करायला ऑफिसात गेली. बटण तर कुणीच दाबलं नव्हतं. तरी नऊ हजार ओळींची फाईल तिथे नव्हती. तीन फाईली होत्या, तीन-तीन हजार ओळींच्या, तीन फोल्डरमध्ये नीट लावलेल्या.

बदल करणाऱ्याच्या रकान्यात वहिनीचं नाव होतं. वेळ त्याच दिवशी सकाळी साडेआठची. तेव्हा ती घरी, ओट्यापाशी, वन्संसाठी तीच स्टीलची बाटली भरत होती.