मागच्या सीटवरचा ब्रेक

बोटीतून उतरून ती भाड्याच्या सायकलींच्या दुकानापाशी पोचली, तेव्हा दुकानात एकच सायकल उरली होती आणि तीही दोघांची. पुढे एक सीट, मागे एक सीट, पॅडलच्या दोन जोड्या आणि लांबी अशी की वळवायची म्हटली तर मैदानच लागावं. बेटावर मोटारींना बंदी होती आणि बाकीच्या सायकली आधीच्या बोटीतल्या लोकांनी केव्हाच पळवल्या होत्या. दुकानवाल्या मावशी म्हणाल्या, ही एकटीला झेपायची नाही, वर चढ आहे. मग त्यांनी बाकावर बसलेल्या एका माणसाकडे बोट दाखवलं. तोही सकाळपासून जोडीदाराची वाट बघत बसलाय म्हणे.

'जोडीदार' हा शब्द ऐकूनच तिचं डोकं फिरलं. ती मुद्दाम एकटी आली होती.

ती दातांची डॉक्टर. दवाखाना दादाचा होता आणि दादाही दातांचाच डॉक्टर. ती पेशंटच्या तोंडात वाकली की दादा मागे येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "हळू." दात काढताना हळू, दाढ भरताना हळू, बिल करतानासुद्धा हळू. तिनं चौकात एक गाळा बघून ठेवला होता. गाळेवाल्याला संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं आणि दादासमोर विषय काढायला तिची जीभ रेटत नव्हती. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणारी ती, स्वतःचं काही उघडत नव्हतं. शेवटी तिनं स्वतःशीच पैज लावली. बेटावरच्या दीपस्तंभापर्यंतचा चढ सायकलवरून एकदाही न उतरता चढायचा. जमलं तर गाळा घ्यायचा, नाही जमलं तर जन्मभर 'हळू' ऐकत बसायचं. पैज पोरकट आहे हे तिलाही कळत होतं, पण दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि आता तिच्या पैजेच्या मागच्या सीटवर हा बसणार होता.

तो उठून आला. उंच, जरा अवघडलेला, आणि एकच हात उन्हानं रापलेला. मोटार शिकवतो, असं त्यानं सांगितलं. खिडकीबाहेर हात ठेवून दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसायचं, हे त्याचं काम. सांगताना तो हसला आणि त्याचा पुढचा एक दात किंचित तिरका दिसला. तो त्याला शोभत होता. त्यामुळे तिला आणखीच राग आला.

"मग तुम्हीच बसा पुढे," ती म्हणाली.

"नको, नको... तुम्हीच बसा. मला बाजूलाच बसायची सवय आहे... म्हणजे, मागे."

मावशींनी मागच्या हँडलवरचा ब्रेक दाखवला. उतारावर सायकल आवरेना झाली तर हा जास्तीचा, बाकी वेळी हात लावायचं कारण नाही. मोटारीच्या मास्तरांनी अगदी गंभीरपणे मान हलवली.

निघाल्यापासून त्यांचं तोंड काही मिटेना. आरसा बघा, म्हणाले. सायकलला आरसा नाही, असं तिनं सांगितलं. पुढे खड्डा आहे, म्हणाले. खड्डा तिला दिसत होता, आंधळी नव्हती ती. वळणावर तर त्यांनी चक्क क्लच दाबायला सांगितला आणि मग स्वतःच ओशाळून गप्प बसले. तिच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला बोलता येत नाही, हे आपल्या धंद्यातलं केवढं मोठं सुख आहे, ते तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

चढ सुरू झाला आणि सायकल पुढे सरकेना. तिच्या पोटऱ्या भरून आल्या, घाम डोळ्यांत उतरला, समुद्रावरचा वारा नेमका समोरून येत होता. पांढऱ्या केसांचं एक जोडपं गप्पा मारत मागून आलं आणि त्यांना ओलांडून गेलंसुद्धा. त्यातल्या आजोबांनी जाता जाता हात हलवला. तिला वाटलं, सायकल समुद्रात ढकलून द्यावी, मास्तरांसकट.

"पाय मारताय ना तुम्ही?"

"मारतोय की. शप्पथ."

"मग ही एवढी जड का जातेय?"

"चढ आहे," मास्तर म्हणाले. हे ज्ञान त्यांनी दिलं नसतं तरी चाललं असतं.

ती उतरली नाही. दोनदा सायकल जागच्या जागी थांबल्यासारखी झाली, एकदा तर मागे जाते की काय असं वाटलं, पण तिनं पाय टेकवला नाही. दीपस्तंभाच्या कठड्यापाशी पोचल्यावर मात्र ती हँडलवर कोसळलीच. जीव जागेवर आल्यावर तिला रबर जळल्याचा वास आला. तिनं मागे वळून पाहिलं.

मास्तर सीटवरच बसून होते, पाय जमिनीवर टेकलेले. आणि त्यांची दोन बोटं ब्रेकवर होती. ब्रेक दाबलेला होता.

"हे कधीपासून?" तिनं विचारलं.

त्यांनी आपल्या बोटांकडे असं पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कोणाची होती. मग चाचरत कबुली दिली. शिकवण्याच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. समोरचा माणूस काय करेल याचा नेम नाही, म्हणून पाय कायम त्यावर. आज पायाला ते काम नव्हतं, तेव्हा हातानं...

मग मात्र तिचा बांध फुटला. तिला सांभाळायला त्यांना कोणी सांगितलं होतं, असं तिनं विचारलं. सगळ्यांना तिच्याच मागे उभं राहायचं असतं का, ते विचारलं. दादाचं 'हळू' सांगितलं, चौकातला गाळा सांगितला, पैजही सांगून टाकली. एका अनोळखी माणसाला ती हे सगळं सांगत होती आणि तिला थांबता येत नव्हतं. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. मध्ये एक शब्द बोलले नाहीत, आणि इतक्या वेळात त्यांनी केलेली ही पहिलीच शहाणपणाची गोष्ट होती.

ती थांबल्यावर ते हळूच म्हणाले, "म्हणजे तुम्ही अख्खा डोंगर दाबलेल्या ब्रेकवर चढलात. माझं वजन घेऊन."

तिनं भांडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. एवढ्यात फोन वाजला. दादाच होता. बोट चुकवू नकोस, म्हणाला. उतारावर हळू ये, म्हणाला.

"दादा," ती म्हणाली, "चौकातला गाळा मी घेतेय. माझा स्वतःचा दवाखाना काढतेय."

मग दादा म्हणाला, "बरं... घरी आलीस की बोलू. पण उतारावर तरी हळू ये."

तिनं फोन ठेवला. हसावं की रडावं ते तिला कळेना.

उतरताना तिनं ओरडून विचारलं, हात कुठे आहेत? डोक्यावर, असं उत्तर आलं. भीती वाटतेय का? प्रचंड, असं उत्तर आलं. वारा कानात शिरत होता, खाली समुद्र चकाकत होता आणि ती मोठ्यानं हसत होती. दिवसभरात पहिल्यांदाच.

धक्क्यापाशी सपाट रस्ता होता आणि बोटीला अजून अवकाश होता. आता तुम्ही पुढे बसा, ती म्हणाली. मास्तर बुटांच्या लेसकडे पाहत राहिले.

"मला सायकल येत नाही."

"काय?"

"अर्ध्या शहराला मोटार शिकवली... सायकल राहूनच गेली. समोरच्या किनाऱ्यावरून हे बेट लहानपणापासून बघतोय. इथं मोटार चालत नाही, म्हणून कधी आलोच नाही. मावशींना म्हटलं, मागची सीट मिळाली तरी चालेल."

तिनं कपाळावर हात मारला. मग त्यांना दंडाला धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः मागे बसली. सायकल दारुड्यासारखी चालली. पाय मारा, समोर बघा, कडेला जाऊ नका. आपण मास्तरांसारखंच बोलतोय हे लक्षात येऊनही तिचं तोंड मिटेना.

"अहो, ही एवढी जड का जातेय?" त्यांनी विचारलं.

तिनं खाली पाहिलं. तिची दोन बोटं ब्रेकवर घट्ट दाबलेली होती. तिनं ती उचलली नाहीत.

"मी दाबलाय ब्रेक."

"का?"

"तुम्ही पडाल म्हणून." सांगितल्यावर तिचे कान गरम झाले. "तुमचीही सवयच ना ती?"

सायकल डुगडुगत थांबली. त्यांनी मागे पाहिलं नाही, ते बरं झालं. त्यांचेही कान लाल दिसत होते.

"पहिल्या वळणापर्यंत सवय होती," ते म्हणाले. "नंतर... तुम्ही तणतणत होतात, मध्येच गुणगुणतही होतात. मला वाटलं, हा चढ लवकर संपू नये."

"म्हणजे मुद्दाम?"

"थोडासा."

तिला आतून उकळ्या फुटत होत्या आणि त्या रागाच्या नव्हत्या, हेच तिला सहन होईना. दवाखाना उघडल्यावर तुमचा तो तिरका दात सगळ्यात आधी काढणार, तोही भूल न देता, असं तिनं त्यांना बजावलं. ते म्हणाले, उद्घाटनाला सकाळीच रांगेत उभा राहतो.

बोटीचा भोंगा झाला. सायकल परत करताना मावशींनी विचारलं, कशी झाली सफर? भयंकर, दोघंही एकदम म्हणाले.

बोटीच्या कठड्याशी ती त्याच्या शेजारी उभी राहिली. बेट मागे पडत होतं, दीपस्तंभ लहान होत होता. पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ, असं तिनंच म्हटलं आणि म्हणताना 'तुम्ही' कधी गळून पडलं, ते तिच्याही लक्षात आलं नाही.

"तुला चालवता यायला लागेपर्यंत हीच सायकल घ्यावी लागेल," ती म्हणाली.

"आणि ब्रेक कोणाकडे?"

तिनं कठड्यावरच्या त्याच्या हातावर हात ठेवला. अगदी घट्ट.

"पाळीपाळीनं," ती म्हणाली.