आठशे बारावा फोटो

आईला बाबांचा पूर्ण चेहऱ्याचा फोटो मिळाला.

नाही मिळाला. वरची ओळ तुम्ही वाचलीच नाही.

बाकी सगळं खरं आहे. तीस एप्रिल, दुपारचे अडीच, हुडकेश्वरमधलं आमचं घर.

माझे बाबा, रुपराव, हिंगण्याच्या एका कारखान्यात होते. गेटवर रोज सेल्फी काढून हजेरी लावायची. बाबांच्या सेल्फीत फक्त कपाळ यायचं. आठशे अकरा दिवस. कपाळ.

जानेवारीत ते गेले. भिंतीवर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात ते कुणीही असू शकतात. आई हार घालते, पण त्याच्याशी बोलत नाही.

या सेल्फी जिथे साठायच्या ते बाबांचं हजेरीचं ऑनलाइन खातं त्या दिवशी पाचला बंद होणार होतं. एखाद्या तरी सेल्फीत चेहरा असेल, म्हणून सगळ्या लॅपटॉपवर उतरवायला मी पायथनमध्ये स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिली. ती बाबांचा आयडी आणि पासवर्ड पाठवायची. मग सर्व्हर बाबांच्या मोबाइलवर ओटीपी पाठवायचा.

ते सिम मीच बंद केलं होतं. तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी. अशा कामांत मी फार वक्तशीर.

अंदाजे आकडे टाकले. उत्तर आलं, ४०१. म्हणजे सर्व्हर विचारतो, तू कोण?

पुन्हा टाकले. ४०१.

'मुलगा' असं लिहायला रकाना नव्हता.

तिसऱ्यांदा स्क्रिप्ट ओटीपीसाठी थांबली आणि... कूलर बंद पडला.

लाइट होती.

मग स्वयंपाकघरातून...

"लिही. बावीस... सत्तावन्न... दहा. लिहलं काय गा?"

बाबा ओटीपी असाच जोडीजोडीनं सांगायचे.

मी लिहिला. काय करता, बाप सांगून राहिला होता.

२००. म्हणजे, ये आत.

फोटो उतरू लागले. आठशे अकरा कपाळं. आणि मग... आठशे बारावा. तारीख आजची.

पूर्ण चेहरा. डोळे, मिशी, हनुवटीवरचा तीळसुद्धा.

मागे आमचा कूलर. आणि लॅपटॉपवर वाकलेला मी.

आई चहा घेऊन आली. तीन कप. तिसरा तिनं बाबांच्या खुर्चीपाशी ठेवला. काहून, असं मी विचारलं.

"ओटीपी सांगून राहिले होते ना ते," ती म्हणाली. "घसा कोरडा वाटला."

मी स्क्रीन तिच्याकडे वळवली...

एकूण फोटो: ८११.

आईनं शेवटचं कपाळ बराच वेळ पाहिलं. पदरानं स्क्रीन पुसली. कूलर आपोआप सुरू झाला.

पाच वाजता खातं बंद झालं. तिसरा कप उचलायला गेलो तर... रिकामा होता.

कारखान्याला मी अर्ज दिला आहे:

"महोदय, कर्मचारी रुपराव यांची दि. ३० एप्रिलची हजेरी आमच्या घरी लागली आहे. तरी सदर कर्मचाऱ्यास एक दिवसासाठी, पूर्ण चेहऱ्यासह, पुनश्च घरी पाठविण्यात यावे. त्यांच्या पत्नीने त्यांना पाहिलेले नाही."