माश्यांना मज्जाव

दाभेवाडीच्या बागेत त्या वर्षी हापूस असा मोहरला होता, की पान म्हणून दिसत नव्हतं. पण फळ? नावालाही नाही! मोहर वाळून झडायचा आणि मागे कोवळ्या फळाची राईएवढी कणीसुद्धा उरायची नाही. मधमाश्यांच्या पेट्या होत्या, पाणी वेळेवर होतं, झाडलोटीला गेल्या वर्षीच आणलेला लख्खू नावाचा यंत्रमानव होता. सगळं होतं, फक्त आंबे नव्हते.

सलग दुसऱ्या वर्षी हेच झाल्यावर केतकीच्या बाबांनी हाय खाल्ली. “आता दुसरा मोहर येईल. त्यालाही कणी धरली नाही, तर बाग तोडून जागा ड्रोनतळाला देणार,” त्यांनी जाहीर केलं. केतकीला रडूच कोसळलं. सगळा दिवस ती त्या झाडांवरच तर असायची!

पण रडून काही आंबे धरत नाहीत. तिने किशोरीआत्याला बोलावून घेतलं. आत्या कीटकशास्त्रज्ञ (किड्यांचा अभ्यास करणारी) होती. बागभर फिरून ती कुंपणाजवळच्या झाडापाशी थबकली.

“केतकी, हे एकच झाड कण्यांनी लगडलंय. का गो?”

“काय माहीत! पलीकडे खारवी लोक मासळी सुकवतात. वासामुळे इकडे कोणी फिरकत नाही.”

“कोणीच नाही? नीट बघ हो.”

केतकीने नाक दाबून पाहिलं. मोहरावर हिरव्या-निळ्या माश्या तुरुतुरु फिरत होत्या आणि त्यांच्या अंगावरच्या केसांना बारीक भुकटी चिकटली होती.

“ते परागकण,” आत्या म्हणाली. “ते एका फुलातून दुसऱ्या फुलात योग्य जागी पोचले, की फळ धरतं. याला म्हणतात परागीभवन. आंब्याचे परागकण चिकट असतात, वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. कोणीतरी ते पोचवायला हवेत.”

“मग आपल्या मधमाश्या काय करतात?”

“त्या पडल्या चोखंदळ! दुसरीकडे जेवणाचं चांगलं पान वाढलेलं असलं, की आंब्याकडे ढुंकून बघत नाहीत. आंब्याचं फूल इवलंसं आणि उथळ. माशीच्या आखूड सोंडेला अगदी सोयीचं.”

“कशावरून?” केतकीने विचारलं.

आत्या खूश झाली. त्या झाडाचे काही ताजे मोहर तिने केतकीला जाळीच्या पिशव्यांत बांधायला लावले. काही दिवसांनी पाहिलं, तर उघड्या मोहरांना कण्या धरल्या होत्या आणि बांधलेले मोहर कोरडे ठणठणीत!

“मग बाकीच्या झाडांवर माश्या का नाहीत?” घरी येऊन केतकीने बाबांसमोरच विचारलं.

“कारण मी कामचुकार नाही,” लख्खू ऐटीत म्हणाला. “दिसली माशी, की ओढली आत! पूर्वी झाडांना मासळीचं खत घालत. पाहुणे नाकं मुरडतात म्हणून मालकांनी तेही बंद केलं.”

बाबांचा चेहरा उतरला. “म्हणजे मीच की काय…”

“माशीची पिल्लं कुजक्या मासळीवर वाढतात, दादा,” आत्या हळूच म्हणाली. “तू त्यांचं घरच मोडलंस.”

केतकीने त्याच दिवशी लख्खूला मासळीची डोकी आणायला पिटाळलं. “घाण आणू? मी?” तो कुरकुरला. पण हुकूम तो हुकूम! घरापासून लांब, बागेच्या टोकांना टोपल्या टांगल्या गेल्या आणि लख्खूचं माश्या ओढणारं नळकांडं बंद झालं. दुसरा मोहर उमलेपर्यंत बागेत गुणगुण सुरू झाली. आणि एका सकाळी केतकी ओरडली, “बाबा, कणी! याला पण! त्याला पण!” बाबांनी ड्रोनतळवाल्यांना तिथल्या तिथे फोन करून नकार कळवला. केतकीला आभाळ ठेंगणं झालं.

“आत्या, जांभळाला कोण लागतं? नि कोकमाला?”

“बघ की शोधून! काही उत्तरं मलाही ठाऊक नाहीत.”

तेवढ्यात आलेल्या एका पाहुण्याने रुमाल झटकला. “अहो, केवढ्या माश्या या! हाकला की.”

“हात लावू नका हां,” बाबा छाती फुगवून म्हणाले. “त्या आमच्या कामावर आहेत.”