भुजंगरावांची निरगाठ

लोह्याच्या पुढच्या धरणावर आम्ही तिघं त्या रविवारी गेलो ते शिडाची एक जुनी बोट घ्यायला. म्हणजे विनीता घ्यायला निघाली होती; मी ती घेतली जाऊ नये म्हणून निघालो होतो. माझी बायको नांदेडच्या शाळेत बावीस वर्षं भूगोल शिकवते. मतलई वारे, व्यापारी वारे, सगळे फळ्यावर! वाऱ्यावर चालणारं काहीतरी एकदा स्वतःच्या हातानं चालवायचंच, हे तिनं मनावर घेतलेलं. आणि मला पोहता येत नाही. विहिरीत डोकावायचं म्हटलं तरी मी कठडा दोन्ही हातांनी धरतो. शेवटी आमचं असं ठरलं, की पलीकडच्या काठापर्यंत जाऊन यायचं. परत आल्यावर मी "नको" म्हणालो, तर बोटीचा विषय घरात कायमचा बंद.

ते "नको" मी घरूनच तयार करून नेलं होतं.

तिसरे भुजंगराव, विनीताचे थोरले भाऊ. नायगावकडे त्यांची शेती. बोट जमलीच तर न्यायला हवी म्हणून ते ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आले होते. त्यांनी बांधलेलं ओझं आजवर वाटेत सुटलेलं नाही. कडबा असो, कापूस असो, लेकीच्या रुखवताचं कपाट असो! हे ते स्वतःच सांगतात, आणि भेटतील तेव्हा सांगतात.

बोटीचे मालक माणिकप्पा उदगीरकडचे. हैदराबादेत बोटी दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. आता गुडघे गेलेले, म्हणून ते काठावरच थांबणार होते. चार रविवार त्यांनी विनीताला काठाकाठानं शिकवलं होतं.

"ताई, एकच ध्यानात ठेवा," ते म्हणाले. "शिडाची दोरी हातातच पायजे. वारा वाढला की सोडून द्यायची. बांधायची न्हाई!"

भुजंगराव नेमके तेव्हा ट्रॉलीत नारळ शोधत होते. नवीन वाहन नारळ न फोडता कसं निघणार?

नारळ फुटला. बोट निघाली. पहिला अर्धा तास, खोटं कशाला बोलू, बरा गेला. मार्चचं ऊन, हिरवट पाणी, दूरवर काठावरच्या बाभळी, आणि इंजिनाचा आवाज नसताना आपण पुढं सरकतोय याचं नवल. मी मात्र बोटीची कड दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. माणिकप्पांकडं तरंगायची जाकिटं दोनच होती. एक विनीताच्या अंगात, एक माझ्या. भुजंगराव विहिरीत पोहलेले, त्यांनी नकोच म्हटलं.

मध्यावर विनीताचे हात काचले. "दादा, एवढी दोरी धर जरा," असं म्हणून ती पलीकडच्या काठाकडं बघत सुकाणू सांभाळू लागली. भुजंगरावांनी ती धरली. थोड्या वेळानं त्यांना सुपारीची तलफ आली. त्यांनी दोरी खालच्या लोखंडी कडीला गुंडाळली, पायानं दाबून आवळली आणि चंचीतून वडलांच्या वेळचा पितळी अडकित्ता काढला.

"धरून काय बसायचं, दाजी? बांधली की काम झालं."

मी बघितलं. सगळं बघितलं! आणि मूर्खासारखं मला वाटलं, चला, काहीतरी एक घट्ट आहे इथं.

मग पाणी काळवंडलं. पश्चिमेकडून धुळीचा लोट उठला आणि वावधान थेट आमच्यावर आलं.

शीड फाडकन फुगलं. बोट कलली. माझी बाजू वर गेली, समोरची बाजू पाण्याला टेकली!

"दादा, दोरी सोड!" विनीता ओरडली.

"बांधलीय!"

"काय?!"

भुजंगराव गाठीवर तुटून पडले. दोरी ओली. वाऱ्याची ओढ. गाठ दगड झालेली. नखं निघाली, गाठ हलेना. विनीतानं सुकाणू जीव खाऊन ओढलं; पण बोट इतकी कलली होती, की सुकाणू पाण्याबाहेर येऊन हवेतच फिरलं. पाणी आत आलं. घोट्यापर्यंत. पिंढरीपर्यंत!

"सुटंना गं, बाई! माझीच गाठ हाय अन् मलाच सुटंना!"

त्या माणसाचा रडवेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला, आणि मी मेलोच आता असं मला वाटलं. तेवढ्यात पिवळं काहीतरी चमकलं. अडकित्ता! खालच्या बाजूला, चंचीच्या बंदात अडकून पाण्यात हेलकावत होता. आणखी एक हेलकावा, की गेला.

तिथं पोहोचायचं तर कड सोडायला हवी होती. हात सुटेनात. देवाशपथ सांगतो, बोटं माझं ऐकेनात. मग विनीता घसरली. तिचा चष्मा गेला, ती सुकाणूला लोंबकळली, आणि माझी कड कधी सुटली ते मला कळलंच नाही. मी छातीवर आपटलो. नाकातोंडात पाणी! हातात चंचीचा बंद!

"भुजंगराव, कापा!"

अडकित्ता सुपारीसाठी केलेला, दोरीसाठी नाही. एक पीळ तुटला. दुसरा तुटला. तिसऱ्याला दोघांनी मिळून दाबलं. कट्!

दोरी सापासारखी उडाली, शीड मोकळं फडफडलं, आणि बोट पाणी ओकत धाडकन सरळ झाली. पुढचा तासभर आम्ही जेवणाच्या डब्यांनी पाणी उपसत वाहत गेलो आणि अलीकडच्याच काठावर, बाभळीच्या काट्यांत जाऊन अडकलो. काटे इतके गोड कधी लागले नव्हते.

माणिकप्पा लंगडत आले. तुटकी दोरी हातात घेऊन खाली बसले. भुजंगराव मान खाली घालून उभे होते. विनीता ओल्या पदरानं तोंड पुसत म्हणाली, "अहो, तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणते. नको."

माझं "नको" तिनंच घेऊन टाकलं. आणि तिचा तो पडलेला चेहरा मला बघवेना.

"घेऊ," मी म्हणालो. माझे दात अजून वाजत होते. "पण मला पोहता येईपर्यंत ती गच्चीवर राहील."

सध्या मी पोहण्याच्या तलावात सात-सात वर्षांच्या पोरांबरोबर पाय मारतो. भीती गेलेली नाही. रोज शेवटच्या पायरीवर दांडी सोडायला मला वेळ लागतो. बोट गच्चीवर आहे. त्या दिवशी ती ट्रॉलीत चढवल्यावर भुजंगरावांनी दोरी हातात घेतली, थबकले, आणि माणिकप्पांना विचारलं, "एका झटक्यात सुटंल अशी गाठ कशी मारत्यात? दावता का?"

घरी उतरवून झाल्यावर मी त्यांना माझ्याच खिशात राहिलेला अडकित्ता परत देऊ लागलो. त्यांनी तो घेतला, धोतराला पुसला आणि डोलकाठीच्या खिळ्याला अडकवला.

"इथंच राहू द्या, दाजी," ते म्हणाले. "सुपारी मी दातानं फोडीन."