हुबेहूब टाकी

ते मोबाइल आधी उलटे ठेवा बरं. मध्येच कुणाचा उजेड तोंडावर पडला तर मी सरळ उठून आत जाईन, आधीच सांगून ठेवतो. आणि 'काका, हे खरं का?' असं कुणी विचारायचं नाही. ज्याच्या बाबतीत घडलं तो माणूस जिवंत आहे. इथून चार गल्ल्या सोडून राहतो. जा आणि विचारा त्यालाच.

त्याला आम्ही चौदा म्हणायचो. पँटच्या मागच्या खिशात कायम चौदाचा पाना. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो खिसा फुगलेला दिसतो. कारखान्यात लेथवर होता आणि घरी आला की घराच्या मागच्या खोलीत. त्या खोलीत जुन्या मोटरसायकली असायच्या. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या, भंगारात निघालेल्या. गडी त्या पुन्हा उभ्या करायचा. जुना पार्ट मिळाला तर शोधून आणायचा, नाही मिळाला तर स्वतः घडवायचा. हात काय होता त्याचा! अस्सल पार्ट आणि नक्कल शेजारीशेजारी ठेवा, डोळे मिटून नुसतं बोट फिरवून सांगायचा, हा खरा आणि हा खोटा. मी तीस वर्षं स्पेअर पार्टचं दुकान चालवलं, तरी माझं चार वेळा तोंड पाडलंय त्याने.

पोरंबाळं नव्हती, दोघंच. वहिनी मोठी खमकी बाई. घरातले सगळे जुने ब्रश आणि टॉवेल त्या खोलीत जायचे, पण कधी कुरकुर नाही. हसून म्हणायची, "मी आजारी पडले ना भावजी, तर हे डॉक्टरला नाही बोलावणार. आधी प्लग काढून बघतील माझा." तिच्याशिवाय चौदाचं पान हलत नव्हतं. चहात साखर किती घालायची हेसुद्धा त्याला तिलाच विचारावं लागायचं.

तर एका गाडीवर तो सहा वर्षं बसला होता. इंजिन झालं, चाकं झाली, सीट झाली. अडलं होतं टाकीवर. त्या मॉडेलची अस्सल टाकी सगळ्या गावात एकच उरली होती, आमच्या शाळेतल्या बाईंच्या शेडमध्ये. बाईंचे यजमान दवाखान्यात कंपाउंडर होते. त्याच गाडीवर जायचे-यायचे, आणि वीस वर्षांपूर्वी त्याच गाडीवर गेले. बाईंनी ती गाडी कधी हलवली नाही. आता नजर जवळजवळ गेलेली, तरी रोज संध्याकाळी शेडमध्ये स्टूल टाकून टाकीवर हात ठेवून बसायच्या.

एका रविवारी सकाळी चौदा टेप आणि वही घेऊन बाईंकडे गेला.

"कोण रे?"

"मी बाई. चौदा."

"बाकांचे स्क्रू काढायचास तोच ना? चप्पल बाहेर काढ."

त्याने सरळच विचारलं. "विकत नाही मागत बाई. तीन महिने द्या. माप घेतो, तशीच दुसरी बनवतो, तुमची तुम्हाला आणून लावतो."

बाईंनी स्टूल ओढून घेतलं आणि टाकीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "ते रात्री येऊन बसतात त्या गाडीवर. सीटच्या स्प्रिंगा वाजतात, मला पलंगावर ऐकू येतात. मग मला झोप लागते. तुला हसू येत असेल."

"नाही बाई."

"टाकीचं मी समजावीन त्यांना. पण हीच परत आण. माझ्या हातचा मार खाल्लायस तू, म्हणून देते."

आणि चौदा कामाला लागला. आधी लाकडाचा साचा केला. त्यावर पत्रा ठोकला, इंच इंच. कडा जोडल्या, घासल्या. जुन्या टाकीवर डाव्या बाजूला पोचा होता, तो लाकडी हातोडीने तस्साच पाडला. मिठाच्या पाण्याने गंज चढवला. बाईंच्या हाताने वरचा रंग जिथं झिजला होता, तिथं बारीक पॉलिश पेपर मारून तेवढाच रंग उडवला. तीन महिन्यांनी दोन टाक्या टेबलावर ठेवल्या आणि वहिनीला बोलावलं. तिला ओळखता आली नाही. मला ओळखता आली नाही.

आता मला सांगा, नवीन टाकी आपल्या गाडीला लावायची आणि जुनी बाईंना द्यायची. कुणाला कळणार होतं? कुत्र्यालाही कळलं नसतं. पण चौदाला कळलं असतं ना! सहा वर्षं राबायचं आणि रोज हात ठेवायचा तो नकलेवर? त्याच्या जिवावर आलं. त्याने नक्कल नेऊन बाईंच्या गाडीला बसवली आणि अस्सल ठेवून घेतली. बाईंनी टाकीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "आणलीस. भलं होवो तुझं."

दीड महिन्याने बाई काठी टेकत त्याच्या दारात आल्या. भर दुपारची वेळ.

"ते येत नाहीत रे," त्या म्हणाल्या. "टाकी नव्हती तेव्हासुद्धा यायचे. तू आणून लावलीस त्या दिवसापासून बंद. काही बदललंस का?"

वहिनी पाणी घेऊन उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"नाही बाई," चौदा म्हणाला. "होती तीच आहे."

"तू म्हणतोस तर असेल. मला कुठं दिसतंय?" बाई पाणी न पिताच गेल्या.

त्या रात्री वहिनी जेवली नाही. "म्हातारीला फसवलंत. लाज वाटते मला तुमची. देऊन टाका ती." चौदाने कबूल केलं. एकदा, फक्त एकदा गाडी पुरी जोडून चालवतो, आणि दुसऱ्या दिवशी टाकी काढून बाईंकडे पोचवतो. "मग मीही येते मागे," वहिनी म्हणाली. "नाहीतर तुमचं एकदाचं चारदा होईल."

तारीख लक्षात ठेवा. नऊ जानेवारी, गुरुवार. गाडीला ना कागद ना नंबर, म्हणून रस्ता मोकळा झाल्यावर निघायचं ठरलं. रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी निघाले. गाडी अशी पळाली म्हणता! वहिनी मागून ओरडली, "अहो, हळू!" आणि हसली. ते हसणं चौदा अजून सांगतो.

पेट्रोल पंप मागे पडला. दिवे संपले. कालव्याचा पूल आला आणि गाडी बंद पडली.

टाकीत पेट्रोल होतं. कॉक उघडा होता. स्पार्क येत होता. बंद पडायचं कारणच नव्हतं. चौदा मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून खाली बसला.

"तुम्ही बघा, मी जरा पाय मोकळे करते," वहिनी म्हणाली. तिची पावलं पुलाकडे गेली.

मग पावलं वाजायची थांबली.

चौदाने कार्बोरेटर सोडवला, पुसला, पुन्हा लावला. पाच मिनिटं गेली. दहा गेली असतील. काम हातात आलं की त्याला जगाचं भान राहायचं नाही. मग मागच्या सीटच्या स्प्रिंगा वाजल्या. कुणीतरी बसलं. त्याने वळून पाहिलं नाही. कशाला पाहील? पुढे बसला, किक मारली. पहिल्याच किकला गाडी सुरू. खांद्यावर हात आला.

"कशी वाटली?" त्याने वाटेत विचारलं.

"छान."

घरी आले. वहिनीने तोंड धुतलं, दिवा घालवला, नेहमीच्या बाजूला झोपली. टाकी सकाळी काढू म्हणून चौदाही पडला.

दोन वाजून पाच मिनिटांनी दार वाजलं.

"अहो..."

चौदा उठून बसला.

"अहो, दार उघडा. असं करतात का कुणी? मी ओरडत होते मागून... तुम्ही मला तिथंच टाकून आलात."

वहिनीचा आवाज. बाहेरून.

त्याने शेजारी पाहिलं. वहिनी शेजारी होती. डोळे उघडे.

"उघडू नका," ती म्हणाली.

"अहो... पायातलं तुटलं. अनवाणी आले सगळा रस्ता. उघडा ना."

"उघडू नका."

चौदाने काय केलं असेल? जे आयुष्यभर केलं तेच केलं. शेजारचीचा हात हातात घेतला आणि डोळे मिटले. अंगठा फिरवला. मनगटावर इस्त्रीचा चटका, जागेवर. करंगळीचं वाकडं नख, जागेवर. तळव्याची ऊब, बोटांची जाडी, सगळं बरोबर. कुठंच चूक नाही.

आणि तेच त्याला खायला उठलं. त्याच्याही कामात कुठं चूक नव्हती.

तो दाराजवळ गेला. कडीला हात लावला नाही. म्हणाला, "मी तुला बघायला आलो होतो. तू मला पहिलं वाक्य काय बोललीस?"

"आधी नखं साफ करून या."

दोघी म्हणाल्या. एकदम. एक बाहेरून, एक त्याच्या पाठीमागून.

मग... काहीच नाही. बाहेर शांत.

"अहो," बाहेरची हळूच म्हणाली. "आत कोण आहे?"

चौदाने वळून पलंगाकडे पाहिलं.

"माझ्या घरात कोण आहे? कुणाशी बोलताय तुम्ही? अहो... कोण आहे ती?"

ती रडायला लागली. दारावर हात मारायला लागली. आतली पलंगावरून उठलीही नाही. नुसती बघत राहिली, याच्याकडे.

चौदाने कडीवर हात ठेवला. काढला. परत ठेवला. खरी कोण, खोटी कोण... आणि उघडलं तर घरात दोघी. मग काय करायचं? अख्ख्या गावाला खरं-खोटं सांगणारा माणूस, त्याला बायको ओळखता येईना.

"थंडी वाजते हो..."

तो मागे सरकला.

"बरं. नका उघडू." आवाज खाली आला, दाराच्या तळाशी. "मी इथंच बसते. उजाडल्यावर तरी उघडाल ना?"

तो "हो" म्हणाला नाही. तेवढंसुद्धा म्हणाला नाही.

साडेचारपर्यंत आवाज येत होता. रडण्याचा नाही, दात वाजण्याचा. मग तोही...

सात वाजून पाच मिनिटांनी, उजाडल्यावर, त्याने दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. कालव्यापर्यंत पळत गेला, दोन्ही काठ पालथे घातले. कुणी नाही. शेजारच्यांना विचारलं, तर रात्री कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. घरी आला तर वहिनीने चहा ठेवला होता. साखर बरोबर.

त्याच सकाळी तो टाकी काखोटीला मारून बाईंकडे गेला. शेडच्या दारातच पाया पडला, रडला, सगळं सांगितलं. बाई स्टुलावर बसल्या होत्या. कितीतरी दिवसांनी पोटभर झोपलेल्या दिसत होत्या.

"ठेव तिथं," त्या म्हणाल्या. "रात्री ते येऊन गेले. म्हणाले, फिट्टंफाट झाली."

"बाई, माझी बायको..."

"आहे ना घरी? मग?" आणि त्यांनी तोंड फिरवलं.

वहिनी आहे. आजही आहे. बाजारात भेटली तर हसते, "भावजी, बरे आहात ना?" म्हणते. काही म्हणजे काही वेगळं नाही. चौदा मागच्या खोलीत झोपतो. गाडी विकून टाकली. हत्यारांना हात लावत नाही. लोक म्हणतात, चांगली बायको असून माणूस वाया गेला.

मला त्याने हे सगळं एका दमात सांगितलं, दुकान बंद झाल्यावर. फक्त एक गोष्ट राहू दिली होती. जायला उठला आणि उंबऱ्यात थांबून ती सांगितली, स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत.

त्या सकाळी दार उघडलं तेव्हा बाहेर दव पडलं होतं. अंगण ओलं, दार ओलं, पायरी ओली. पायरीवर मध्यभागी तेवढी एक जागा कोरडी होती. एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसलं तर जेवढी होईल तेवढीच. तो खाली वाकला आणि तिथं हात ठेवला.

जागा गरम होती.